बोर्डाच्या फॉर्मवरचे दोन शब्द

देवपूर, धुळे
१८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. दिपमाला हिला,
तिच्या जुन्या इंग्रजीच्या सरांचे, म्हणजे निंबा तोताराम पाटील यांचे, पूर्ण वाक्यातले आशीर्वाद.

मला आता ऐकू कमी येते, म्हणून मी फोन न करता हे पत्र लिहीत आहे. तुझा बोलक्या इंग्रजीचा क्लास जळगावात फार नावारूपाला आला आहे, असे मला तीन माणसांनी सांगितले. मला अभिमान वाटला. दिपमालाचा पाया मीच घातला, असे मी त्या तिघांनाही सांगितले.

आता मी कामाचे लिहितो. माझी नात भूमिका नर्स झाली आहे. तिला वडील नाहीत. तिचे सगळे मीच पाहतो. परदेशातल्या एका रुग्णालयाने तिला घ्यायचे कबूल केले आहे, परंतु तिने इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास केली पाहिजे. ती लिहिण्यात आणि वाचण्यात उत्तम आहे. बोलण्यात ती दोनदा नापास झाली. मी तिला लहानपणापासून पूर्ण वाक्यात उत्तर द्यायला शिकवले आहे. परीक्षकाने विचारले, "लाइक टी?" भूमिका म्हणाली, "येस सर, आय लाइक टी व्हेरी मच, बिकॉज टी इज अ रिफ्रेशिंग बेव्हरेज." यात चूक कुठे आहे, हे मला अजून समजलेले नाही. शेऱ्यात मात्र 'पाठ केलेले वाटते' असे लिहून आले.

चोवीस मे ही तिची शेवटची संधी आहे. त्यानंतर रुग्णालय जागा राखून ठेवणार नाही. तू तिला तुझ्या क्लासात घ्यावेस, अशी माझी तुला विनंती आहे.

तुझा शिक्षक,
निं. तो. पाटील


जळगाव
२५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सर,

पत्र मिळालं. 'मला तुमचं पत्र मिळालं' असं लिहिलेलं नाही, म्हणून छडी शोधू नका.

पाया तुम्ही घातला म्हणता! सर, पाया नव्हे, लाथ घातली होती. तीन माणसांना सांगितलंत ना, आता चौथ्याला खरं सांगा.

तुम्ही विसरला असाल, मी नाही. नोव्हेंबर शहाण्णव. दहावीच्या वर्गावर तपासणीला साहेब आले. मला विचारलं, "व्हेअर इज युवर बुक?" मी म्हटलं, "ॲट होम, सर." साहेब हसले, तुम्हाला म्हणाले, ही पोरगी खरं इंग्रजी बोलते, बाकीची पोपट आहेत. साहेबांची जीप फाट्याला लागायच्या आत माझ्या दोन्ही हातांवर वळ होते. "माय बुक इज ॲट माय होम, सर." शंभर वेळा लिहून घेतलंत. ते एक वेळ सोडते. पण आठवड्यानं बोर्डाचे फॉर्म भरायचे होते, आणि माझ्या फॉर्मवर तुमच्या हातानं दोन शब्द आले. नॉट फिट. शाळेभर पूर्ण वाक्याचा धाक घालणारा माणूस, आणि माझं आयुष्य उरकायला दोनच शब्द पुरले!

माझे आबा तो कागद घेऊन गावभर फिरले. कंपाउंडरनं वाचून दाखवला. पोरीला शिकवायची त्यांची केवढी हौस, पण त्या दिवसापासून त्यांनी शाळेचं नाव काढलं नाही. पुढच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, लगीन लागलं माझं, चोपड्याला. माझी नणंद माझ्या भावाला, धनसिंगला, दिली आणि मला तिकडे. साटंलोटं. आबा गेले तेव्हाही त्यांच्या डोक्यात मी मठ्ठच होते. सत्ताविसाव्या वर्षी बाहेरून दहावी दिली मी, पोरगं मांडीवर घेऊन. तोवर आबा नव्हते बघायला.

आता तुमच्या नातीचं. परीक्षकाच्या 'लाइक टी?' मध्ये 'डू यू' कुठे गेलं? ते त्यानं गाळलं, कारण ते दोघांनाही ठाऊक होतं. बोलणारी माणसं असंच बोलतात. कमिंग? गॉट इट. सी यू. आपल्या मराठीत तरी काय वेगळं आहे? 'जेवलीस?' एवढंच विचारतो की. जे दोघांना माहीत आहे ते गाळलं की जवळीक येते. तुम्ही पोरीला कोर्टातला अर्ज बनवून ठेवलंय.

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. तुमच्या लेखी मी गाढवच होते, तेव्हा धरा. भूमिकाला पाठवा, इथल्या वसतिगृहात सोय करते. फी नको. फीऐवजी एक लेखी उत्तर हवं. ते दोन शब्द का लिहिले? इंग्रजीत लिहा. पूर्ण वाक्यात.

दिपमाला


धुळे
५ मार्च २०२५

चि. सौ. दिपमाला हिला आशीर्वाद.

भूमिका तुझ्याकडे रुजू झाली, याबद्दल मी तुझा आभारी आहे. तू मागितलेले उत्तर मी खाली लिहितो.

"अ डिसिजन वॉज टेकन इन द इंटरेस्ट ऑफ ऑल कन्सर्न्ड. सर्टन सरकमस्टन्सेस वेअर कन्सिडर्ड. एनी हर्ट कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड."

यात एकही चूक नाही. आता तू हा विषय इथेच सोडून दे. तुझ्या मातोश्री झुंबरबाई यांनी माझ्याविषयी कधी राग धरला नाही. आज अठ्ठावीस वर्षे झाली, दर आखाजीला त्यांच्या हातच्या सांजोऱ्यांचा डबा धनसिंग मला धुळ्यात आणून देतो. त्या माउलीइतके मोठे मन तूही ठेवावेस, असे मला वाटते.

निं. तो. पाटील


जळगाव
११ मार्च २०२५

सर,

तुमचं उत्तर लाल शाईनं तपासून सोबत परत पाठवलं आहे. बारावीच्या पोरांनाही दाखवलं. म्हटलं, नीट बघा, हीसुद्धा गाळलेल्या शब्दांचीच शैली. निर्णय घेतला गेला. कोणी घेतला? नाही लिहिलं. दुःख दिलं गेलं. कोणी दिलं? नाही लिहिलं. वाक्य कसं इस्त्री केलेलं, आणि आत माणूसच नाही. बोलताना माणसं शब्द गाळतात ते समोरच्याला माहीत असतात म्हणून. कचेरीत बसून लिहिणारी गाळतात ते समोरच्याला कळू नयेत म्हणून. पहिलीला मी बोलणं म्हणते, दुसरीला चोरी. दहापैकी शून्य. पुन्हा लिहा.

आणि सांजोऱ्या! अठ्ठावीस वर्षं! मला आजच कळतंय हे. म्हातारी चुलीपुढे बसून रवा भाजते, पुऱ्या लाटते, कुणासाठी, तर ज्यानं तिच्याच पोरीचा गळा दाबला त्या माणसासाठी. तिला वाटत असणार, सर देवमाणूस, पोरगी मठ्ठ होती ते वेळेवर सांगितलं, फुकटचा खर्च वाचवला. आणि तुम्ही ते खाल्लंत? घशाखाली उतरलं? एक वर्ष तरी डबा परत पाठवावासा वाटला नाही?

आता कागदावर भागणार नाही. तीस एप्रिलला आखाजी आहे. गावी जायचं, माझ्या आईसमोर बसायचं आणि तिला सांगायचं की झुंबरबाई, तुमची पोरगी हुशार होती, मी खोटं लिहिलं. इंग्रजी नको, तिला समजेल असं अहिराणीत सांगा. आबांना सांगायची सोय तुम्ही ठेवली नाहीत. आई तरी मरायच्या आधी ऐकून जाऊ दे.

दिपमाला


धुळे
३ एप्रिल २०२५

चि. सौ. दिपमाला हिला,

मी हे पत्र अत्यंत दुःखी अंतःकरणाने लिहीत आहे. तू माझ्या नातीचे काय केले आहेस?

ती शनिवारी घरी आली. मी तिला इंग्रजीत विचारले, "हॅव यू टेकन युवर मील्स?" ती म्हणाली, "नॉट यट." मी म्हणालो, "व्हॉट वुड यू लाइक टू ईट?" ती म्हणाली, "एनीथिंग." मी तिला पूर्ण वाक्य बोलायला सांगितले. ती हसली आणि म्हणाली, "व्हाय, आजोबा?" सकाळी निघताना पाया पडून "ऑफ, देन. बॅक सॅटर्डे," एवढेच बोलून ती गेली. माझ्या घरात बावीस वर्षे अर्धे वाक्य कोणी बोलले नव्हते. मला माझ्याच घरात पाहुण्यासारखे वाटू लागले आहे. तू हे मुद्दाम केलेस, हे न समजण्याइतका मी म्हातारा झालेलो नाही.

दुसरे असे की तू तिला सगळे सांगितलेस. जेवताना ती माझ्याकडे बघत नाही.

तू म्हणशील तर मी तुझ्या क्लासात येऊन सगळ्या मुलांसमोर कान पकडतो. तू म्हणशील तर मी वर्तमानपत्रात छापतो. परंतु झुंबरबाईंसमोर जायला मला सांगू नकोस. तेवढे सोडून तू काहीही माग. मी हात जोडतो.

निं. तो. पाटील


जळगाव
९ एप्रिल २०२५

सर,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा चहा घेत, चवीनं. हो, मुद्दाम केलं. पोरीचं भलं होत होतं आणि तुमच्या घरात तुमचेच शब्द कमी होत होते. एका दगडात दोन पक्षी कुणाला नको असतात? भूमिका छान बोलते आता. काल मला म्हणाली, "रेनिंग? नो? गुड." मी तिला मिठीच मारली.

पण तुमचं शेवटचं वाचून डोकं फिरलं. वर्तमानपत्रात छापाल, पोरांसमोर कान पकडाल, पण एका अडाणी म्हातारीसमोर तोंड उघडणार नाही! का हो? तिथला मान जाईल म्हणून? जगात एक घर उरलंय जिथं तुम्ही देव आहात, ते सुटत नाही, असंच ना? चोर तर चोर, वर नैवेद्याची हौस.

तर ऐका. आजपासून भूमिकाचा क्लास बंद. परीक्षेला पंचेचाळीस दिवस राहिले. बोलण्याचा सराव तुटला की पुन्हा 'टी इज अ रिफ्रेशिंग बेव्हरेज' सुरू होणार, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. पोरगी रडली. मीही रडले, पण दार उघडलं नाही. तिची चूक नाही हे मला कळतं. माझी तरी काय चूक होती? पंधरा वर्षांची होते मी.

आखाजीनंतर आईला मोतीबिंदूसाठी जळगावला आणतेय. त्याआधी गावी जाऊन या. सांगून आल्याचं आईच्या तोंडून ऐकलं की भूमिकाला त्याच दिवशी वर्गात घेते. नाही गेलात, तर तुमच्या नातीच्या आयुष्यावरही कुणीतरी दोन शब्द लिहिले असं समजा, आणि यावेळी ते मी लिहिले.

दिपमाला


धुळे
१ मे २०२५

दिपमाला,

काल आखाजी होती. मी गावाच्या फाट्यापर्यंत गेलो. एसटीतून उतरलो, कडुनिंबाखाली तासभर बसलो आणि पुढच्या गाडीने परत आलो. धनसिंगने दुपारी डबा आणून दिला. मी तो उघडलेला नाही.

आता मी कर्त्यासह लिहितो. हे मी कधीच लिहिणार नव्हतो. मी शब्द दिला होता. तो शब्द मी आज माझ्या नातीसाठी मोडतो आहे, हे तू लक्षात ठेव, म्हणजे मी काही मोठा माणूस नाही हे तुला समजेल.

नोव्हेंबरात, साहेब येऊन गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी, भर दुपारी तुझी आई माझ्या खोलीवर आली. तिने दार लोटून घेतले आणि पदर पसरला. धनसिंगसाठी चोपड्याचे स्थळ ठरत होते. त्या लोकांची अट एकच होती, की आमची पोर घ्या आणि तुमची द्या. धनसिंगला दुसरीकडून कुठूनही मुलगी मिळत नव्हती. तुझे आबा मात्र अडून बसले होते, की दिपमाला मॅट्रिक होईल, पुढे कॉलेजात जाईल, मगच लग्न. तुझ्या आईचे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. ती म्हणाली, "सर, पोर हुशार शे, माले माहीत शे. पण तिना बाप फक्त तुमनं ऐकस. ती पास व्हनार नही, इतलंच लिखी द्या. नही ते मना धनसिंगनं लगन मोडी जाई. मी तुमना पाया पडस." ती खरोखर पाया पडली. हे आबांना आणि तुला कधी कळू द्यायचे नाही, असे तिने माझ्याकडून वदवून घेतले.

म्हणून त्या सांजोऱ्या आहेत. त्या कृतज्ञतेच्या नाहीत. दरवर्षी ती मला आठवण करून देते, की सर, तोंड बंद ठेवा. तिच्यासमोर जाऊन 'मी खोटे लिहिले' असे मी सांगितले असते, तर ती म्हणाली असती की माहीत आहे, मीच लिहायला सांगितले.

आता माझ्याविषयी. मी नाही म्हणू शकलो असतो. मी नाही म्हणालो नाही. साहेबांनी पोरांसमोर मला पोपटांचा मास्तर ठरवले होते. ते माझ्या मनात सलत होते. तुझ्या आईने मला निमित्त दिले आणि मी ते आनंदाने घेतले. मी ते दोन शब्द लिहिले. लिहिताना मला बरे वाटले.

भूमिकाला परत घे किंवा घेऊ नकोस. तू मला माफ करावेस, अशी माझी इच्छा आहे.

निंबा तोताराम पाटील


जळगाव
१६ जून २०२५

सर,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी आई माझ्याच घरात होती. डोळ्याला हिरवी पट्टी लावून कॉटवर बसलेली. मी चार दिवस काही बोलले नाही. तिच्या डोळ्यात थेंब घालायचे, भरवायचं, आणि बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकायचं. अठ्ठावीस वर्षं मी ज्याच्या नावानं बोटं मोडली तो निम्माच गुन्हेगार होता. निम्मी माझ्या हातची भाकर खात होती.

पाचव्या दिवशी विचारलं. मला वाटलं, रडेल, नाही म्हणेल, तुमच्यावर ढकलेल. काही नाही. म्हणाली, "हां. मीच सांगं व्हतं. मंग काय करतू? तुना भाऊ बिनलगनना ऱ्हाता." एवढंच. न अडखळता. तुमच्या तीन इंग्रजी वाक्यांपेक्षा म्हातारीनं बरं उत्तर दिलं, कोणी केलं ते तरी पहिल्या झटक्यात सांगितलं. मी म्हटलं, आबा मला मठ्ठ समजून मेले गं. तेव्हा मात्र ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. रात्री जेवली नाही. मीही आग्रह केला नाही.

भूमिकाला मी पत्र वाचलं त्याच दिवशी बोलावून घेतलं. वीस दिवस माझं पित्त खवळलेलं होतं, सगळं तिच्यावर काढलं, आणि पोरगी टिकली. पास झाली, तुम्हाला माहीत आहेच. तुमच्यासाठी केलं नाही ते. तिच्याकडे बघून दार बंद केलं होतं त्याची मला लाज वाटत होती. माझ्या आईनं आणि तुम्ही केलं तेच मी करायला निघाले होते, फरक फक्त तारखेचा.

आता आईचं सांगते. पट्टी निघाली तसं धनसिंग तिला न्यायला आला. मी नाही पाठवली. म्हटलं, राहू दे, इथंच राहील. त्याला वाटलं, बहिणीला माया आली. माया नाही, सर. क्लासच्या दाराशी खुर्ची टाकली आहे, तिथं बसवते तिला, सकाळी आठ ते अकरा. समोरून पोरी जातात, येतात, खिदळतात, फडाफड इंग्रजी बोलतात. तिला एक शब्द कळत नाही. बघत बसते. डोळे आताच चांगले झालेत, तेव्हा सगळं स्वच्छ दिसतं.

आणि दुसरं काम दिलंय. दर महिन्याला दोन-तीन आया येतात पोरीचं नाव काढायला. स्थळ आलंय, सासरी इंग्रजी काय कामाचं, वगैरे. आधी मी भांडायचे. आता मी त्यांना दाराशी पाठवते, आईकडे. गेल्या बुधवारी फैजपूरची एक बाई आली, रत्नाची आई. रत्ना माझ्या वर्गात सगळ्यात पुढं आहे. बाई म्हणाली, पुढच्या महिन्यात साखरपुडा. मी आईकडे बघितलं. आईनं मान खाली घातली, मी तिथून हलले नाही. मग म्हातारी बोलली, "मन्ही पोरनं शिक्षण मी तोडं, बाई. तिना बापले मी खोटं सांगाले लावं. मीच." ती बाई आईकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. रत्ना दुसऱ्या दिवशी वर्गात होती. साखरपुड्याचं पुढं काय झालं ते अजून कळलं नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही माफी मागितली आहे. या पत्रात ती शोधत बसू नका. लिहायची राहून गेलेली नाही, मी लिहिलेलीच नाही. आईलाही दिली नाही.

पण आईच्या शेजारी एक खुर्ची टाकली आहे. रविवारी पालक जास्त येतात. त्यातले बाप आईचं ऐकत नाहीत, मास्तरचं ऐकतील. धुळ्याहून पहाटेची साडेपाचची गाडी धरा, आठच्या वर्गाला पोचाल. कमी ऐकू येतं तर बरंच आहे, तुम्हाला फक्त बोलायचं आहे. दोघांनी मिळून एक पोरगी घरी बसवलीत, आता दोघांनी मिळून वर्गात बसवा. थांबायचं कधी, ते मी सांगेन.

दिपमाला